आकाशातली पहिली यत्ता

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक, दोनअडीचशे माणसे पोटात घेऊन सांताक्रूझच्या चाळींवरून गुरगुरत उतरणारे प्रवासी विमान. आणि दुसरे, सव्वीस जानेवारीला राजपथावरून डोळ्याचे पाते लवायच्या आत दिसेनासे होणारे लढाऊ विमान. (त्या रस्त्याला आता कर्तव्यपथ म्हणतात, पण जुन्या नावाची जिभेला लागलेली सवय लवकर सुटत नाही.) या दोन्ही विमानांत बसणारा चालक कधी काळी तिसऱ्याच एका विमानात बसून उडायला शिकलेला असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. ते विमान लहान असते, दोनच माणसांचे असते आणि त्याचे चित्र कोणाच्या कॅलेंडरावर छापले जात नाही. शाळेतही असेच होते. मोठ्या माणसांच्या चरित्रांतून कॉलेजातल्या प्राध्यापकांची नावे पानोपान येतात. पण ज्यांनी बोट धरून पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून घेतले, त्या पहिल्या यत्तेच्या मास्तरांची बोळवण एखाद्या ओळीत होते.

असे एक पहिल्या यत्तेचे मास्तर आपल्या देशात होऊन गेले. त्यांचे नाव एच. टी.-टू. ‘हिंदुस्थान ट्रेनर-दोन’ या लांबलचक नावाचे ते संक्षिप्त रूप. १९५१ च्या ऑगस्ट महिन्यात बेंगळूरच्या विमानतळावरून कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेले. भारतात आखलेले आणि भारतातच कारखान्यात रीतसर तयार होऊ लागलेले हे पहिले शक्तिचालित विमान. त्यानंतर तीन तपांहून अधिक काळ आपल्या हवाई दलातल्या कितीतरी पिढ्यांनी जमिनीवरून पाऊल उचलले ते याच विमानात बसून.

मी मराठीचा अध्यापक. विमानाशी माझा संबंध यायचे तसे कारण नाही. पण शब्दांच्या धंद्यातल्या माणसाला नावांचे कुतूहल असतेच. बेंगळूरच्या त्याच कारखान्यातून पुढे जी विमाने निघाली, त्यांची नावे पाहा: पुष्पक, कृषक, मारुत, किरण, बसंत, अजीत, दीपक. एखाद्या सुशिक्षित घरातल्या मुलांची शोभावीत अशी ही नावे. मात्र घरातले जे थोरले अपत्य, त्याचे बारसे करायचे राहूनच गेले! दोन इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा, एवढ्यावरच बिचाऱ्याने सारा जन्म काढला. मला वाटते, ज्या वेळी ते तयार झाले त्या वेळी ते उडते की नाही याचीच चिंता सर्वांना इतकी होती, की नावाचा विचार करायला कोणाला सवड झाली नसावी.

आणि ती चिंता अनाठायी नव्हती. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद हे नाव वाचकांना नवे नाही. जहाजे, साखर, मोटारी, बांधकाम अशा परकीयांची मिरासदारी असलेल्या धंद्यांत हा मनुष्य हट्टाने शिरत असे. दुसरे महायुद्ध पेटल्यावर त्यांनी विमानाचा कारखाना काढायचे मनावर घेतले. अमेरिकेतले विमान-व्यावसायिक विल्यम पॉली यांचे साहाय्य, म्हैसूर संस्थानचा उदार आश्रय आणि स्वतःची जिद्द या तिन्हींच्या बळावर डिसेंबर १९४० मध्ये बेंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी तिथे परदेशातून आलेले भाग जोडून एक विमान उडविण्यातही आले. पण युद्ध दाराशी येऊन ठेपले होते. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना ताब्यात घेतला. पुढे अमेरिकन सैन्याने तिथे आपल्या विमानांची दुरुस्ती चालविली. युद्ध संपले, अमेरिकन गेले, आणि मागे राहिली ती प्रचंड शेड, यंत्रे, आणि हातात कसब असलेले पण हाताला काम नसलेले कारागीर. त्यांना काम म्हणून त्या विमानाच्या कारखान्यात आगगाडीचे डबे बनू लागले! पुढे बरीच वर्षे ते बनत होते. ज्या पत्र्याच्या कारागिराने उडत्या विमानाची कातडी शिवली त्यानेच तिसऱ्या वर्गाच्या डब्याला ठोके मारावेत, हा प्रकार वाचताना विनोदी वाटतो. पण त्या डब्यांनीच कारखान्याची चूल पेटती ठेवली, हेही खरे.

अशा जागी एक मराठी माणूस विमान आखायला बसला होता. डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातला. हे गृहस्थ जर्मनीतल्या गॉटिंगेन येथे जाऊन लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टर होऊन परतले. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे आद्य आचार्य. वाहत्या हवेचा अगदी पातळसा थर पंखाच्या पृष्ठभागाला कसा चिकटून राहतो आणि कधी सुटतो, हे कोडे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. विमानाचा पंख हवेत का तरतो आणि का दगा देतो, याची किल्ली त्या पातळ थरात आहे. घाटगे ही किल्ली कमरेला लावून आले, पण कुलूप होते कुठे? देशात विमान बांधणारा कारखानाच नव्हता. तो निघाला तेव्हा ते तिथे गेले. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवू लागले. युद्धकाळात त्यांनी सैनिक वाहून नेणाऱ्या एका ग्लायडरचा आराखडाही केला होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र सरकारने प्रश्न टाकला: हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी आपले विमान आपण बनवू शकू काय?

शिकाऊ विमान म्हणजे सोपे विमान, असा आपला समज असतो. कोणी म्हणेल, लढाऊ विमानासारखा त्याला वेग नको, तोफा नकोत, उंची नको. मग त्यात अवघड ते काय? खरी गोम इथेच आहे. नवशिक्याच्या चुका त्याने पोटात घातल्या पाहिजेत. पण सगळ्याच चुका पोटात घातल्या तर विद्यार्थी शिकणार काय? जे विमान कधीच दगा देत नाही, त्यात शिकलेला चालक पुढे दगा देणाऱ्या विमानात बसतो आणि पहिल्याच खेपेस प्राणास मुकतो. तेव्हा विमान असे हवे, की चूक होताच ते स्पष्टपणे रागावले पाहिजे. मात्र रागावून झाल्यावर सुधारायला अवधीही दिला पाहिजे. फार कडक मास्तर आणि फार मऊ मास्तर, दोघेही विद्यार्थ्याचे नुकसान करतात, हे आम्हां शिक्षकांना अनुभवाने कळते. विमानाच्या आराखड्यात हा मधला स्वभाव आधीच गणित करून घालायचा असतो. पंखांचा आकार, शेपटीचा आकार, वजन कुठे किती, यांवर तो स्वभाव ठरतो. आणि एकदा पत्रा कापला की तो सहजासहजी बदलत नाही.

याआधी हे काम ‘टायगर मॉथ’ हे इंग्रजी विमान करीत असे. १९३१ साली इंग्लंडात ते पहिल्यांदा उडाले आणि आठ हजारांवर तयार झाले. दोन मजली पंख, मध्ये तारांचे जाळे, लाकडाचे सांगाडे, त्यांवर ताणून बसविलेले कापड, आणि दोन उघड्या खड्ड्यांत एकामागे एक बसलेले गुरुशिष्य. एंजिन सुरू करायचे म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाने समोरचा पंखा हाताने फिरवायचा आणि वेळेवर मागे सरायचे. वाऱ्याच्या घोंगावण्यात गुरुजींचा आवाज शिष्याच्या कानी पडावा म्हणून दोघांच्या मध्ये एक रबराची नळी असे. तोंडाकडचे टोक गुरुजींचे, कानाकडचे शिष्याचे! शिष्याला फक्त ऐकायची सोय असण्याच्या या व्यवस्थेबद्दल माझ्या काही व्यवसायबंधूंना असूया वाटल्यावाचून राहणार नाही. युद्धकाळात बेगमपेठ आणि जोधपूर येथे आपली शेकडो मुले याच विमानावर शिकली.

त्याच घराण्यातल्या थोरल्या ‘जिप्सी मॉथ’ची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून. पुढे आगाखानांनी बक्षीस लावले: इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास जो भारतीय एकट्याने, सर्वांत आधी विमानाने करील त्याला. टाटा इकडून तिकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा एक तरुण तिकडून इकडे. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाला स्पार्क प्लग हवा होता आणि त्यावाचून तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. बक्षीस अस्पीने जिंकले. हेच अस्पी पुढे काही काळ बेंगळूरच्या त्या कारखान्याचे प्रमुख होते आणि १९६० मध्ये हवाई दलाचे सेनापती झाले. लाहोरच्या सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून एकटीने विमान उडविले, तेही जिप्सी मॉथच होते. तीस-पस्तीस वर्षांत लढवय्ये आणि नागरी, हौशी आणि पोटार्थी, सर्वांची मुंज लावणारे हे घराणे. त्याची गादी आता बेंगळूरच्या नव्या विमानाला चालवायची होती.

एच. टी.-टू हे मॉथच्या मानाने अगदी नव्या वळणाचे निघाले. कापड गेले, तारा गेल्या. सारे अंग धातूचे, आणि पंख एकाच मजल्याचे, खालच्या अंगाला, बाहेरून टेकू नसलेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख ३५ फूट. नाकापासून शेपटीपर्यंत पावणेपंचवीस फूट. म्हणजे गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढीच त्याची लांबी. भरलेले वजन सुमारे हजार किलो. डोक्यावर काचेचे आच्छादन, आत पुढेमागे दोन जागा आणि दोन्हींपुढे तीच ती दांडी, तीच पायपट्टी, तेच काटे. एंजिन १५५ अश्वशक्तीचे, ‘सायरस मेजर’ जातीचे, इंग्लंडहून आणलेले. त्याचे चार सिलिंडर उलटे, म्हणजे डोके खाली पाय वर असे टांगलेले असतात. हे शीर्षासन कशासाठी? तर त्यामुळे पंखा फिरविणारा कणा वर जातो आणि पंख्याची टोके जमिनीपासून दूर राहतात. शिवाय नाक निमुळते होऊन चालकाला पुढचे नीट दिसते. वेग फार तर ताशी १३० मैल. एका दमात ३५० मैलांची मजल. आणि चढायचे म्हटले तर साडेचौदा हजार फूट, म्हणजे एकावर एक अडीचहून अधिक कळसूबाई.

चाके मात्र जुन्याच रीतीची ठेवली. दोन मोठी चाके पुढे, पंखाखाली, आणि एक चिमुकले चाक शेपटीला. आजच्या बहुतेक विमानांना तिसरे चाक नाकाखाली असते, आणि ते बरेच सोयीचे असते. का ते हातगाडीवाल्याला विचारा. गाडी ओढत नेली तर ती मुकाट्याने मागून येते. तीच जोरात ढकलत नेली तर जरा वाकडी होताच आणखी वाकडी होऊ पाहते. शेपटीला चाक असलेल्या विमानाचे वजन मोठ्या चाकांच्या मागे पडते, म्हणून जमिनीवर धावताना त्याची गत ढकललेल्या गाडीसारखी होते. नाक जरा कलले की ते आणखी कलते, आणि वेळीच पायाने आवरले नाही तर विमान भोवऱ्यासारखे गर्रकन स्वतःभोवती वळते, पंख घासतो, कधी चाके मोडतात. यात जीव सहसा जात नाही, अब्रू जाते. पण या खोडीमुळेच विद्यार्थ्याचे पाय जागे राहतात. शेपूटचाकी विमानावर शिकलेला माणूस विमान पूर्ण थांबेपर्यंत ते उडवीतच असतो, असे जुने वैमानिक अभिमानाने सांगतात.

अशाच एका जुन्या वैमानिकाचा मला शेजार लाभला आहे. हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांना फार वर्षे झाली. वय ऐंशीच्या पुढे. सत्तरीच्या दशकात ते बिदरला शिक्षक होते. बिदर म्हणजे आमच्या मराठवाड्याला लागूनच. उदगीरहून तिथे जायला फारसा वेळ लागत नाही. तिथल्या तळावर कोवळ्या मुलांना एच. टी.-टूवर धडे देत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते मला, मी शिकवतो म्हणून, ‘मास्तर’ म्हणतात. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितले त्यातले थोडे इथे देतो.

“पहिल्या दिवशी आम्ही काहीच शिकवत नसू,” काका म्हणाले. “वर न्यायचे, फिरवून आणायचे. पोराचा चेहरा पाहायचा. मग दुसऱ्या दिवसापासून दांडी पुढे केली की काय होते, मागे घेतली की काय होते. दांडी डावीकडे, दांडी उजवीकडे. पायाने सुकाणू. वाचून पाठ करून आलेला असतो हो प्रत्येक जण. पण हाताला पाठ नसते.”

“मग हाताला कधी पाठ होते?” मी विचारले.

“तुमच्या विद्यार्थ्यांना व्याकरण कधी येते?” ते हसले. “परीक्षेत येते, की बोलताना येते?”

शिकवणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे विमान मुद्दाम बिघडवून दाखविणे. पंख हवेत तरतो तो विशिष्ट कोनात आहे तोवरच. नाक वर वर ओढत गेलात आणि पंखाचा हवेशी होणारा कोन पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला, की पंखाला चिकटून वाहणारी हवा सुटते. प्रांट्ल साहेबांचा तो पातळ थर तो हाच. हवा सुटली की तरणे संपले. विमान थरथरते आणि नाक खाली टाकते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. एंजिन बंद पडले असे ऐकणाऱ्याला वाटते. पण एंजिनाचा त्यात काही संबंध नसतो, ते बिचारे चालूच असते. या वेळी एक पंख दुसऱ्याच्या आधी ढासळला, तर विमान त्या बाजूला कलंडून गरगर फिरत खाली येऊ लागते. पृथ्वी समोर थाळीसारखी फिरते. हा ‘स्पिन’.

आता गंमत अशी की, अशा वेळी माणसाला जे करावेसे वाटते तेच नेमके घातक असते. जमीन समोर दिसते आहे. हात आपोआप दांडी मागे ओढतात, नाक वर करण्यासाठी. पण मागे ओढण्यानेच तर पंख ढासळला! तेव्हा करावयाचे ते असे: एंजिनाचा जोर काढून घ्यायचा, ज्या बाजूला फिरते आहे त्याच्या उलट बाजूचा पाय पूर्ण दाबायचा, आणि दांडी पुढे करायची. पुढे, म्हणजे ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याच दिशेने. मग फिरणे थांबते, वेग येतो, पंख पुन्हा हवेला धरतो, आणि तेव्हा कुठे नाक हळूच वर घ्यायचे. भीतीच्या दिशेने हात पुढे करणे हे पुस्तक वाचून जमत नाही. ते दहा वेळा, वीस वेळा, भरपूर उंचीवर, मागेपुढे शिक्षक बसलेला असताना करून पाहावे लागते. लहान शिकाऊ विमान लागते ते एवढ्यासाठी.

आणि मग तो दिवस येतो. आठदहा दिवस विद्यार्थी नुसता चढतो, वळसा घेतो, उतरतो, पुन्हा चढतो. एके सकाळी उतरल्यावर शिक्षक त्याला विमान कडेला घ्यायला सांगतो, काच सरकवितो आणि स्वतः खाली उतरतो. “उतरण्याआधी आपल्या जागेचे पट्टे नीट आवळून बांधायचे,” काका म्हणाले. “मोकळा पट्टा वर दांडीत अडकला तर पोरगा गेला. मी ते पट्टे दोनदा ओढून पाहत असे. मग त्याच्या खांद्यावर थाप मारायची आणि म्हणायचे, एक वळसा घे आणि ये. बस. जास्त बोलायचे नाही. जास्त बोललो तर त्याला कळायचे की आपण घाबरलो आहोत.”

शिक्षकाचे वजन उतरल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उडते, आणि उतरताना नेहमीपेक्षा जास्त तरंगते. एकट्याने गेलेल्या विद्यार्थ्याला प्रथम जाणवते ते हेच. रिकाम्या जागेची जाणीव मागाहून होते.

“आणि तुम्ही खाली काय करायचात, काका?”

“उभा राहायचो. दुसरे काय? हातात काहीच नसते हो, मास्तर. तुम्हाला परीक्षेच्या हॉलमध्ये निदान फेऱ्या तरी मारता येतात.”

बाकावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी आपण होऊन जे सांगितले ते मी विसरू शकलो नाही. ज्यांना एकटे सोडले त्यांच्याइतकीच, सोडले नाही ती मुलेही त्यांना आठवतात. ठरलेल्या तासांत ज्याचा हात बसला नाही, त्याला शिक्षकाने थांबवायचे असते. असा एक मुलगा होता. खेड्यातला, हुशार, अंगाने काटक, वडील शिक्षक. पुस्तकी परीक्षेत पहिला. पण विमान ढासळले की त्याचा हात मागेच यायचा. पहिल्यांदा, पाचव्यांदा, पंधराव्यांदा, तसाच. त्याला आणखी तास मिळवून दिले, दुसऱ्या शिक्षकाकडेही पाठविले. शेवटी काकांनी त्याच्या कागदावर नकार लिहिला. मुलगा खोलीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, घरी काय सांगू?” गावाने त्याची मिरवणूक काढून त्याला स्टेशनवर पोहोचविले होते.

“काय सांगितलेत?”

“काही नाही. काय सांगणार? त्याने मला फार शिव्या घातल्या असतील. घालू दे. कुठेतरी आजोबा झाला असेल आता.”

हवाई दलातल्या शिक्षकाची ही बाजू आपल्या शाळा-कॉलेजांत आपण पार विसरलो आहोत, असे मला त्या संध्याकाळी प्रकर्षाने वाटले. आमच्याकडे काठावरच्या विद्यार्थ्याला दोन गुण वाढवून वर ढकलण्यात दयाळूपणा मानतात. त्या गुणांचे पुढे काय होते, ते आम्हांला दिसत नाही म्हणून आम्ही दयाळू असतो.

एच. टी.-टूचा कारखान्यातला जोम १९५३ ते १९५८ या काळातला. एवढ्या अवधीत दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. हवाई दलाने घेतली, नौदलाने घेतली, नागरी फ्लाइंग क्लबांतही काही गेली. शिवाय ते परदेशी गेले! आफ्रिकेतला घाना देश १९५७ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९५९ मध्ये त्याने आपले हवाई दल उभारले, तेव्हा त्याला मदत करायला भारताचे आणि इस्रायलचे अधिकारी गेले. त्या हवाई दलाचे पहिले प्रमुखच आपले एअर कमोडोर जसवंत सिंग होते. घानाच्या मुलांसाठी बारा एच. टी.-टू पाठविण्यात आली. दहा वर्षांपूर्वी आगगाडीचे डबे ठोकणाऱ्या कारखान्याने दुसऱ्या देशाला विमाने पुरवावीत, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. घानाने लवकरच इंग्रजी विमाने घेतली, हे खरे. पण पहिली अक्षरे त्यांनी आपल्या पाटीवर गिरविली.

घरी मात्र विमानाने चिवटपणे नोकरी केली. इंग्रजी एंजिनाचे भाग मिळणे दुर्घट होऊ लागले तेव्हा काही विमानांना १६० अश्वशक्तीचे अमेरिकन लायकमिंग एंजिन बसविले आणि त्यांचे आयुष्य वाढविले. वयोवृद्ध शिक्षकाला नवी कवळी बसवून वर्गावर पाठवावे तसाच हा प्रकार. १९८० नंतर दीपक नावाचे नवे शिकाऊ विमान आले आणि त्या दशकाच्या अखेरीस एच. टी.-टू निवृत्त झाले.

दीपकची कथा तितकी सुखाची नाही. १९७७ मध्ये तेही याच कारखान्यातून प्रथम उडाले. पण सेवेत आल्यावर त्याच्या एंजिनाच्या कुरबुरींनी कितीतरी शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्राण घेतले, आणि २००९ मध्ये एका अपघातानंतर ते कायमचे जमिनीवर आले. मग २०१३ पासून स्वित्झर्लंडचे पिलाटस विमान आणावे लागले. साठ वर्षांपूर्वी जे आपण स्वतः करू शकलो ते पुन्हा परक्याकडून घेण्याची पाळी आली, याबद्दल पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. माझे मत विचाराल तर, मुले मरत असताना स्वदेशीचा हट्ट धरला नाही हेच बरे झाले. पुढे २०१६ मध्ये बेंगळूरहून एच. टी. टी.-४० नावाचे नवे शिकाऊ विमान उडाले, आणि २०२३ मध्ये हवाई दलासाठी सत्तर विमानांचा करार झाला. याही वेळी बारसे राहिलेलेच दिसते.

नागरी विद्यार्थ्यांसाठी बेंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘हंस’ हे दोन आसनांचे हलके विमान केले. ते १९९३ मध्ये प्रथम उडाले. आपल्याकडे बारामतीला आणि गोंदियाला वैमानिक घडविणाऱ्या संस्था आहेत. तिकडून जाताना मान वर केलीत तर एखादे चिमुकले विमान पुन्हा पुन्हा तोच चौकोनी वळसा घेताना दिसेल. तासन्‌तास ते तेच करीत असते. आत बहुधा वीस वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, आणि घरी कोणीतरी कर्ज काढलेले असते.

डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातून पुष्पक झाले, कृषक झाले आणि किरण या जेट शिकाऊ विमानाचा पायाही घातला गेला. १९९१ मध्ये ते वारले. विमान उडविणाऱ्यांची नावे लोकांच्या ओठांवर राहतात. कागदावर पंखाची रेघ ओढणाऱ्याचे नाव कोल्हापुरातही किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे.

बेंगळूरला विमानाच्या कारखान्यालगत एक संग्रहालय आहे. सुटीत त्या बाजूला गेलात तर मुलांना घेऊन जा. मुले अर्थातच आधी लढाऊ विमानांकडे धावतील, धावू द्या. नंतर त्यांना एच. टी.-टूकडे आणा, आणि शेपटीखालचे ते चिमुकले चाक तेवढे अवश्य दाखवा.